क्लाउनिंग आणि इम्प्रोव्ह शिकून विनोदी कलाकार होताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विनोदावर जगायचं ठरवलेले आणि त्यासाठी क्लाउनिंग (विदूषकाची कला) आणि इम्प्रोव्ह (संहितेशिवाय, आयत्या वेळी प्रवेश उभे करणं) रीतसर शिकू पाहणारे लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो. ज्या प्रश्नांवर लोकांची वर्षं वाया जाताना मी पाहिली आहेत, तिथे मी मुद्दाम रेंगाळलो आहे.

हा कलाकार स्टँड-अप करणाऱ्यापेक्षा वेगळा कसा?

स्टँड-अप कलाकार लिहून आणलेला मजकूर घेऊन माइकसमोर उभा राहतो. तो मजकूर त्याने कित्येक रात्री घासून-पुसून लख्ख केलेला असतो. क्लाउनिंग शिकलेल्या कलाकाराकडेही मजकूर असू शकतो, पण त्याचा खरा ऐवज म्हणजे समोरच्यांकडे बघायची सवय. तिसऱ्या रांगेतल्या कुणाला हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं, हे त्याला दिसतं आणि पुढचं मिनिट तो त्या दाबलेल्या हसण्यावर उभं करतो. इम्प्रोव्ह शिकलेला कलाकार हेच लक्ष सहकलाकाराला देतो. समोरच्याने काय म्हटलं, कसं म्हटलं, हात कुठे ठेवला, यातून पुढचं वाक्य निघतं.

या भिंती पक्क्या नाहीत. एकच माणूस सकाळी हॉस्पिटलमध्ये क्लाउन, संध्याकाळी इम्प्रोव्हच्या चमूत आणि रात्री माइकसमोर असू शकतो. ब्रिटिश विनोदी अभिनेते साशा बॅरन कोहेन हे फ्रेंच क्लाउन-शिक्षक फिलिप गॉलिए यांच्याकडे क्लाउनिंग शिकले. त्यांची पात्रं खऱ्याखुऱ्या माणसांसमोर तासन्‌तास टिकतात, समोरचा काहीही बोलला तरी डगमगत नाहीत. त्यात ही तालीम स्पष्ट दिसते.

क्लाउन म्हणजे सर्कशीतला लाल नाकवालाच ना?

तोही. पण सर्कशीतला क्लाउन हा या परंपरेचा एक फाटा आहे. लंडनच्या रंगमंचावर जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) यांनी रंगवलेल्या चेहऱ्याचा क्लाउन इतका लोकप्रिय केला की पुढे इंग्रजी सर्कशीत क्लाउनला ‘जोई’ म्हणू लागले. युरोपच्या सर्कशीत नंतर जोडी ठरली. एक पांढऱ्या चेहऱ्याचा, रुबाबदार, सगळं नियमाने करणारा. दुसरा ऑगस्ट, म्हणजे ढगळ कपड्यांतला, ज्याला काहीच धड जमत नाही. एक हुकूम सोडतो, दुसरा त्याचा बट्ट्याबोळ करतो. आजही दोन माणसांच्या बहुतेक विनोदी प्रवेशांत ही जोडी सापडते.

नाट्यशाळांत शिकवला जातो तो क्लाउन मात्र १९६०च्या दशकात पॅरिसमध्ये घडला. झाक लकॉक मूळचे खेळ आणि व्यायामाचे शिक्षक. त्यांनी १९५६ मध्ये तिथे शाळा काढली. एकदा त्यांनी विद्यार्थ्यांना गोलात बसवलं आणि एकेकाला मधे येऊन हसवायला सांगितलं. विद्यार्थ्यांनी कोलांट्या मारल्या, कोट्या केल्या, माकडचेष्टा केल्या. कुणीही हसलं नाही. हिरमुसले होऊन, चिडून ते जागेवर परतायला लागले, आणि तेव्हा सगळे हसले. त्यांचं ते उघडं पडलेलं, शरमलेलं रूप लोकांना आवडलं. लकॉक यांची क्लाउनची सगळी शिकवण या प्रसंगातून निघाली. लाल नाकाला ते जगातला सर्वांत लहान मुखवटा म्हणत. ते नाक लावल्यावर चेहरा लपत नाही, उलट डोळे जास्त दिसायला लागतात.

म्हणजे नाक लावायलाच हवं?

शिकताना लावा. पुढे तुमची मर्जी. आज व्यावसायिक मंचावर असलेले कित्येक क्लाउन नाक लावत नाहीत आणि चेहराही रंगवत नाहीत. मोठ्या रंगमंचावर दाट मेकअपचा उपयोग शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोचवण्यासाठी होतो. लहान खोलीत तोच मेकअप आड येतो. लहान मुलांसमोर आणि आजारी माणसांसमोर तर मेकअप जितका कमी तितका बरा. काहींना रंगवलेल्या चेहऱ्याची खरीच भीती वाटते, आणि त्या भीतीची थट्टा करू नये.

क्लाउनच्या वर्गात शिकवतात तरी काय?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, इथे फक्त खेळ चाललेत. ते खरंही आहे. वर्गाची सुरुवात बहुधा पकडापकडी, स्टॅच्यू, खुर्ची पटकावणं अशा खेळांनी होते. त्यात शिक्षक जिंकणारा-हरणारा बघत नाही. कुणाला खेळायला खरोखर मजा येतेय, हे तो बघतो. मजा येत असलेल्या माणसाकडे बघावंसं वाटतं, मजा येत असल्याचा आव आणणाऱ्याकडे बघवत नाही. हा फरक शरीरात ओळखता येणं, हा शिक्षणाचा पहिला टप्पा.

मग एकट्याने मंचावर यायचा सराव सुरू होतो. एक नमुना सांगतो. तुम्ही पडद्याच्या फटीतून बाहेर यायचं, प्रेक्षकांकडे बघायचं, आणि कुणी हसलं तरच एक पाऊल पुढे टाकायचं. बोलायचं नाही, चेहरे वेडेवाकडे करायचे नाहीत. पहिल्यांदा करणारा साधारण चार सेकंदांत घाबरतो आणि काहीतरी करायला लागतो: डोकं खाजवतो, भुवया उडवतो, ठेच लागल्याचं सोंग करतो. शांतता. शिक्षक म्हणतो, "परत जा." दुसऱ्या खेपेला तो आणखी काहीतरी करतो. परत जा. पुढे कधीतरी तो बाहेर येतो, त्याच्याकडची सगळी हत्यारं संपलेली असतात, तो नुसता बघतो, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसतं. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटतं, ते आश्चर्य चेहऱ्यावर उमटतं, त्यावर आणखी दोघे हसतात. आता त्याने एक पाऊल टाकायचं. नेमकं इथेच बहुतेक जण घाई करतात, दोन पावलं टाकतात, आणि हशा विरतो.

एवढासा सराव, पण त्यात हशा ऐकणं, तो पूर्ण होऊ देणं, तो कुठून आला ते बघणं आणि त्याच्याहून जास्त न मागणं हे सगळं येतं.

इम्प्रोव्ह म्हणजे आयत्या वेळी सुचणं. ते शिकवणार कसं?

सुचणं शिकवता येत नाही. सुचण्याच्या आड येणाऱ्या सवयी काढता येतात. दोन माणसांनी हे काम वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वाटेने केलं.

शिकागोत व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांसोबत काम करत होत्या. भाषा वेगळ्या, वाचनाची सवय नाही, संहिता देऊन काय उपयोग? त्यांनी खेळ तयार केले. प्रत्येक खेळात एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायचं: हातातल्या अदृश्य वस्तूचं वजन, किंवा समोरच्याच्या हालचालीचं आरशासारखं अनुकरण. लक्ष तिकडे गुंतलं की लाज आपोआप गळते. त्यांचे पुत्र पॉल सिल्स १९५५ मध्ये कंपास प्लेयर्स आणि १९५९ मध्ये सेकंड सिटी या मंडळ्यांच्या संस्थापकांत होते. अमेरिकन टीव्हीवरच्या विनोदी कलाकारांच्या पिढ्या त्या मातीतून वर आल्या. अमेरिकन इम्प्रोव्ह-शिक्षक डेल क्लोज यांच्या हातून ‘हॅरल्ड’ हा दीर्घ प्रकार आकाराला आला. प्रेक्षकांचा एकच शब्द घ्यायचा, त्यातून असंबद्ध वाटणारे प्रवेश काढायचे आणि अर्ध्या तासात ते एकमेकांत गुंफायचे.

लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये कीथ जॉनस्टन लेखकांना शिकवत होते. ब्रिटनमध्ये १९६८ पर्यंत नाटकाची संहिता आधी तपासून घ्यावी लागे. संहिताच नसलेला प्रयोग मंजूर करून घेणार कसा? म्हणून त्यांचा चमू ‘व्याख्यान-प्रात्यक्षिक’ म्हणून हे करत असे. पुढे ते कॅनडात कॅलगरीला गेले आणि तिथे १९७७ मध्ये लूज मूस थिएटरच्या जोडीने थिएटरस्पोर्ट्स हा सामन्यासारखा प्रकार रुजला. दोन संघ, परीक्षक, गुण, आणि मनासारखं झालं नाही की ओरडा करणारे प्रेक्षक.

जॉनस्टन यांची सर्वांत कामाची देणगी म्हणजे वर-खालीचा सराव. दोघे बाकावर बसून रोजचंच बोलतात. एकाने समोरच्यापेक्षा किंचित वरचढ राहायचं, दुसऱ्याने किंचित खाली. बोलताना डोकं स्थिर ठेवलं की माणूस वरचढ वाटतो. सारखा हात तोंडाकडे गेला की खाली उतरतो. शब्द तेच राहतात आणि तरीही प्रवेश हसवायला लागतो. हा सराव शिकलेला कलाकार बसस्टॉपवर, बँकेत, सगळीकडे हेच बघत बसतो.

"हो, आणि…" हा नियम पाळायचा म्हणजे सगळ्यालाच हो म्हणायचं का?

नाही, आणि या गैरसमजाने बरंच नुकसान केलं आहे. नियम एवढाच आहे की सहकलाकाराने प्रवेशात जे ठरवलं ते खरं माना आणि त्यात भर घाला. तो म्हणाला, "डॉक्टर, हा पाय माझा नाही," तर "मी डॉक्टर नाही" म्हणून प्रवेश मारू नका. "मग तुमचा पाय घेऊन कोण गेलं?" असं विचारलंत की तुम्ही त्याचं म्हणणं स्वीकारलंत आणि पुढे नेलंत. पात्र भांडू शकतं, नकार देऊ शकतं, दार आपटून जाऊ शकतं.

कलाकाराला, म्हणजे जिवंत माणसाला, हा नियम लागू नाही. अंगाला हात लावणं, उचलणं, लैंगिक सूचकता, जातीवरून किंवा रंगावरून विनोद यांना प्रवेशाच्या मध्यातही थांबवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगले चमू तालमीआधी एकमेकांना विचारून घेतात: कुठे हात लागलेला चालेल, कुठला विषय नको, कुणाचा गुडघा दुखतोय. जिथे "नियमच आहे, हो म्हण" असं सांगून कुणाला गप्प केलं जातं, तो चमू सोडा.

आधी काय शिकावं?

माझं मत स्पष्ट आहे: आधी इम्प्रोव्ह, मग क्लाउन. इम्प्रोव्हमध्ये जोडीदार असतो, पडलात तर तो सावरतो. क्लाउनमध्ये तुम्ही आणि प्रेक्षक, मधे कुणी नाही. थोडा धीर अंगात मुरल्यावर तिथे गेलात तर शिकवलेलं कानावर पडतं. नाहीतर सगळी शक्ती भीतीशी झगडण्यातच जाते. मूळचे नर्तक, कसरतपटू किंवा मूकाभिनय करणारे मात्र थेट क्लाउनकडे गेले तरी चालतं. त्यांना बघितलं जाण्याची सवय असते.

किती काळ लागतो?

लकॉक यांच्या शाळेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. सुरुवातीला चेहऱ्यावर कुठलाच भाव नसलेला तटस्थ मुखवटा, मग निरनिराळे मुखवटे आणि शैली, आणि क्लाउन अगदी शेवटी. पहिल्या वर्षानंतर सगळ्यांना पुढे घेत नाहीत. गॉलिए लकॉक यांच्याकडे शिकले, तिथेच शिकवलं आणि १९८० मध्ये स्वतःची शाळा काढली. तिथे थोड्या आठवड्यांचे सुटे अभ्यासक्रमही करता येत आले आहेत. इम्प्रोव्हचे वर्ग सहसा आठवड्यातून एक संध्याकाळ असे पातळी-पातळीने चालतात, त्यामुळे नोकरी सांभाळून करता येतात.

यातलं काही परवडत नसेल तर शनिवार-रविवारची कार्यशाळा, एक स्थिर चमू आणि महिन्यातून किमान एक खरा प्रयोग, एवढ्यावरही माणूस घडतो. प्रयोग मात्र अनोळखी लोकांसमोर हवा. मित्र तुमच्या प्रेमापोटी हसतात.

मी लाजाळू आहे. जमेल का?

हो. लाजाळू माणसं इतरांवर बारीक नजर ठेवून असतात आणि तेच इथे कामाला येतं. मित्रांच्या घोळक्यात सतत हशे पिकवणाऱ्याला उलट जास्त कष्ट पडतात. त्याची ठरलेली हत्यारं असतात आणि ती खाली ठेवायला तो तयार नसतो.

वय झालं असेल तर? शरीर तंदुरुस्त नसेल तर?

क्लाउनला वयाची अट नाही. स्विस क्लाउन ग्रॉक यांनी १९५४ मध्ये निरोपाचा प्रयोग केला तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. जाड, बुटका, लंगडणारा, तोतरा, कुठलंही शरीर इथे चालतं. तुम्ही त्या शरीरात मोकळे आहात का, एवढंच प्रेक्षक बघतो.

काळजी मात्र घ्यावीच लागते. ग्रिमाल्डी यांना तब्येतीमुळे १८२३ मध्येच, पंचेचाळिशीत, नियमित काम सोडावं लागलं. वर्षानुवर्षांच्या उड्या आणि पडझडीने शरीर मोडलं होतं. म्हणून पडायला रीतसर शिका. गुडघे वाकवून वजन खाली आणायचं, हनुवटी छातीकडे घ्यायची, मांडीच्या आणि कुल्ल्याच्या मांसल भागावर बसत-लोळत जायचं. तळहात टेकवून मनगटावर वजन घ्यायचं नाही. लोक हसतात ते पडण्याआधीच्या धडपडीला आणि पडल्यानंतरच्या नजरेला. खरं आपटून काही जास्त मिळत नाही.

थपडेचंही तसंच. मारणाऱ्याचा हात गालापासून अंतर राखून जातो आणि आवाज मार खाणारा स्वतः काढतो, छातीजवळ झाकून वाजवलेल्या टाळीने. आधी दोघांची नजरानजर झालीच पाहिजे. वेळ मार खाणाराच ठरवतो. त्याने तयार असल्याची खूण केल्याशिवाय हात उचलायचा नाही, मग प्रवेश कितीही रंगात असो.

प्रेक्षक हसलेच नाहीत तर?

मला विचाराल तर या पानावर हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

विनोद पडल्यावर माणूस तीनपैकी एक गोष्ट करतो. पडलाच नाही असं दाखवून पुढे पळतो. किंवा आवाज वाढवतो. किंवा प्रेक्षकांवर चिडतो. तिन्हींत तो प्रेक्षकांकडे बघणं सोडतो, आणि त्या क्षणी प्रेक्षकही त्याला सोडतात. विनोद पडला हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलेलं असतं. एकट्या कलाकाराने ते लपवायचा प्रयत्न केला की लोकांना अवघडल्यासारखं होतं.

क्लाउनची तालीम इथे वेगळं सांगते. थांबा. जे झालं ते झालं असं तुमच्या चेहऱ्यावर दिसू द्या. लोकांकडे बघा. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर तेही दिसू द्या, पण कीव मागू नका. बहुतेक वेळा या थांबण्यातच पहिला खरा हशा येतो, कारण आता तुम्ही आणि ते एकाच खोलीत, एकाच गोष्टीकडे बघत आहात. मग त्या हशातून पुढे जा. ठरवलेल्या मजकुराकडे लगेच धावू नका.

हे वाचून कळतं, पण अंगात यायला वेळ लागतो, कारण शरीराला पळायचं असतं. श्वास अडकतो, खांदे वर चढतात, नजर जमिनीकडे जाते. म्हणून सरावात मुद्दाम पडणारे विनोद करायला लावतात. पडल्यावर श्वास सोडायचा, टाचा जमिनीवर टेकवायच्या, नजर वर. एवढंच, पुन्हा पुन्हा. काही रात्री इतकं करूनही काही हलत नाही. तेव्हा नमस्कार करून निघा आणि दुसऱ्या दिवशी कुठे लोक हरवले ते लिहून काढा. प्रयोगाचं ध्वनिमुद्रण ऐका. आपल्याला आठवतो तो प्रयोग आणि प्रत्यक्षात झालेला प्रयोग यांत जमीन-अस्मानाचा फरक निघतो.

शिक्षक अपमान करतात असं ऐकलंय. तसंच असतं का?

गॉलिए ढोल वाजवून विद्यार्थ्याला मंचावरून घालवत आणि त्यांच्या तिखट शेऱ्यांसाठी ते प्रसिद्ध झाले. वर्गातले बाकीचे त्या शेऱ्यांवर हसत आणि पुष्कळदा शेरा ऐकणाराही. त्या कठोरपणामागे एक खेळ होता आणि बऱ्याच विद्यार्थ्यांना त्याने मोकळं केलं. काहींना तो सोसवला नाही, तेही खोटं नाही.

अडचण नक्कल करणाऱ्यांची आहे. कठोरपणा उचलणं सोपं, त्यामागची नजर उचलणं अवघड. शिक्षक निवडताना एक संपूर्ण वर्ग बसून बघा. विद्यार्थी मंचावरून उतरताना त्याला उद्या परत यावंसं वाटतंय का? शेरा कामावर आहे की माणसाच्या रंगावर, शरीरावर, बोलण्याच्या ढंगावर? शिक्षक स्वतः कधी मंचावर उतरून दाखवतो का? "तुला तोडल्याशिवाय तू घडणार नाहीस" असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. घाबरलेला माणूस खेळू शकत नाही, आणि न खेळणारा क्लाउन होऊ शकत नाही.

पैसे कसे मिळतात?

एका ठिकाणाहून क्वचितच. या क्षेत्रात टिकलेल्या बहुतेकांची कमाई तीन-चार झऱ्यांतून येते.

स्वतःचा प्रयोग हा सर्वांना हवासा आणि सर्वांत बेभरवशाचा. स्कॉटलंडमधला एडिंबरा फ्रिंज हा रंगमंचीय महोत्सव १९४७ मध्ये सुरू झाला तो आठ मंडळ्या निमंत्रण नसताना तिथे आल्या म्हणून. आजही तिथे कुणी निवड करत नाही, जागा मिळवाल तर प्रयोग कराल. याचा अर्थ जागेचं भाडं, राहणं, पोस्टर सगळं तुमच्या खिशातून. बरेच कलाकार तोटा घेऊन परततात. तिथे यश मिळालं तर मात्र वाटा उघडतात. ‘डॉक्टर ब्राउन’ या नावाने जवळजवळ न बोलता काम करणारे फिल बर्गर्स यांना २०१२ मध्ये तिथला मुख्य विनोदी पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये नॅटली पालामिडीझ यांना नवोदितांचा मिळाला. २०२३ मध्ये नामांकन मिळालेल्या युलिया मास्ली प्रेक्षकांत फिरून एकेकाला त्याची अडचण विचारतात आणि ती तिथल्या तिथे सोडवायला घेतात. तो अख्खा प्रयोग ऐकण्यावर उभा आहे.

सर्कस हा दुसरा झरा. आधुनिक सर्कशीत क्लाउन बहुधा तेव्हा येतो जेव्हा मागे झोके आणि जाळ्या बदलायच्या असतात. त्याला दिलेली मिनिटं तंत्रज्ञांच्या गरजेवर ठरतात, आणि कधी दोरी अडकली तर ती दुप्पट होतात. तिथे इम्प्रोव्ह शिकल्याचं चीज होतं.

रस्त्यावरचा प्रयोग हे मला सर्वांत चांगलं विद्यापीठ वाटतं. चालता माणूस थांबवायचा, घोळका बांधायचा, टिकवायचा. पैसे शेवटच्या मोठ्या करामतीच्या आधी मागतात, नंतर नाही. करामत संपली की घोळका फुटतो. जिथे परवाना लागतो तिथे तो काढूनच उभे राहा.

याशिवाय जाहिराती, सिनेमा, मालिका (शरीराने विनोद करणारा कलाकार निवडचाचणीत पटकन उठून दिसतो), मालिकांच्या लेखकांच्या गटात बसून लिहिणं, नाटकांसाठी हालचालींचं दिग्दर्शन, आणि शिकवणं. कंपन्या आपल्या लोकांना एकमेकांचं ऐकायला शिकवण्यासाठी इम्प्रोव्हच्या कार्यशाळा घेतात. त्यात मान कमी मानणारे आहेत, मी त्यांतला नाही. ते प्रामाणिक काम आहे आणि त्याने भाडं निघतं.

कुठल्याही कामाआधी लेखी ठरवा: रद्द झालं तर किती मिळणार, प्रवास कुणाचा, चित्रीकरण कुठे आणि किती काळ वापरणार. तोंडी ठरलेलं चित्रीकरण वर्षानुवर्षं फिरत राहतं आणि तुम्हाला पै मिळत नाही.

हॉस्पिटल क्लाउनचं काम नक्की काय असतं?

न्यूयॉर्कमध्ये १९८६ मध्ये बिग ॲपल सर्कसचे मायकेल क्रिस्टेन्सन यांनी प्रशिक्षित क्लाउन रुग्णालयात नेण्याचं काम सुरू केलं आणि तिथून ते जगभर पसरलं. शस्त्रक्रियेआधीची मुलांची भीती क्लाउनमुळे कमी होते, असं बऱ्याच वैद्यकीय चाचण्यांत दिसलं आहे.

हे काम बहुधा जोडीने करतात. आधी परिचारिकेकडून माहिती घ्यायची: कोण झोपलंय, कुणाला संसर्गाचा धोका आहे, कुणाला आज वाईट बातमी मिळाली आहे. हात धुवायचे. मग दारात थांबायचं आणि विचारायचं, "येऊ का?" मूल नाही म्हणालं तर जायचं. त्या मुलाला दिवसभर सुया, तपासण्या, औषधं यांपैकी कशालाच नाही म्हणता आलेलं नसतं. क्लाउनला नाही म्हणता येतं. कित्येकदा तोच खेळ होतो: नाही म्हटल्यावर क्लाउन जाताना दाराला धडकतो, पुन्हा विचारतो, पुन्हा हाकलला जातो, आणि हाकलणारा खुशीत असतो. हे सगळं मुलाच्या डोळ्यांवर नजर ठेवूनच. ‘नाही’ खरं असेल तर तिथेच संपवायचं.

इथे मन थकतं. चांगल्या संस्था मानधन, प्रशिक्षण आणि कामानंतर बोलायला वेळ देतात. नुसत्या उत्साहावर एकट्याने नाक लावून वॉर्डात शिरू नका. निर्वासितांच्या छावण्यांत जाणाऱ्या ‘क्लाउन्स विदाउट बॉर्डर्स’चं कामही असंच. बार्सिलोनाचे टॉर्टेल पोल्ट्रोना यांनी १९९३ मध्ये युगोस्लाव्हियातल्या युद्धाच्या काळात ते सुरू केलं.

प्रेक्षकाला मंचावर ओढावं का?

ओढू नये, बोलवावं. हात पुढे करा आणि वाट बघा. मान वळवली, हसू ओठांतच राहिलं, पिशवी मांडीवर घट्ट धरली, की दुसऱ्याकडे वळा, आणि तेही असं की पहिल्याला लाज वाटू नये. मंचावर आलेल्याला विजयी करून परत पाठवा. मूर्ख ठरायचा मान तुमचा आहे, त्याचा नाही. आणि त्याला जागेपर्यंत पोचवून या, अंधारात पायऱ्या दिसत नाहीत.

एकपात्री प्रयोग लिहायचा कसा?

आधी लिहू नका. एखादी वस्तू, एखादा पोशाख, एखादी इच्छा घेऊन प्रेक्षकांसमोर दहा मिनिटं घालवा. जिथे हशा आला ते ठेवा, बाकी फेका. हे बऱ्याचदा करून मग क्रम लावा. पात्राला काहीतरी मनापासून हवं असलं पाहिजे, आणि ते मिळवायची त्याची रीत चुकीची पण त्याला पूर्ण पटलेली असली पाहिजे. अर्धा प्रयोग झाला की बाहेरून बघणारं माणूस आणा. स्वतःच्या प्रयोगाचं दिग्दर्शन स्वतः करणारे क्लाउन मी थोडेच यशस्वी झालेले पाहिलेत, कारण आपण आत असताना काय दिसतंय ते कळत नाही.

माझं पात्र कुणी चोरलं तर?

नुसत्या कल्पनेला सहसा कायद्याचं संरक्षण नसतं. लिखित मजकुराला आणि चित्रीकरणाला असतं, म्हणून तारखेसह नोंद ठेवा. क्लाउन मंडळींत लिखित नसलेला पण पक्का दंडक आहे की दुसऱ्याचा चेहरा उचलायचा नाही. लंडनमध्ये १९४६ पासून अंड्यांवर क्लाउनचे चेहरे रंगवून जतन करायला सुरुवात झाली. एक चेहरा, एक अंडं.

छोट्या व्हिडिओंवर हे चालतं का?

शरीराचा विनोद चालतो, भाषेची अट नसल्यामुळे लांबपर्यंतही जातो. इम्प्रोव्ह फारसं चालत नाही, कारण त्यातली धाकधूक खोलीत बसलेल्यालाच जाणवते. व्हिडिओ लोकांना प्रयोगापर्यंत आणायला वापरा. त्यावर वाढताना एक धोका आहे: कॅमेरा कधीच मान वळवत नाही, जांभई देत नाही. वर्षभर फक्त त्याच्यासमोर काम केलेला माणूस प्रेक्षकांसमोर आला की त्याची नजर कुठेच टेकत नाही, हे मी वर्गात वारंवार बघतो.

चमू कसा शोधू?

वर्गात ज्याच्यासोबत काम करताना तुम्ही जास्त चांगले दिसता, त्याला विचारा. सर्वांत विनोदी माणसाच्या मागे लागू नका. चार ते सहा जण पुरेत. आठवड्याचा एक दिवस ठरवा, तो मोडू नका. तालमीला बाहेरचा मार्गदर्शक ठेवा आणि त्याला मानधन द्या, नाहीतर आपसातच एकमेकांना शिकवायला लागता आणि मनं दुखावतात. कुणाला सोडून जायचं असेल तर कटुता न ठेवता जाऊ द्या. हे वर्तुळ लहान असतं, आणि पुढच्या कामाचा फोन बहुधा जुन्या सहकाऱ्याकडूनच येतो.